चोवीस अंशांचा तळ

डॉन्झी ‘स्की स्पोर्टर’ ही सोळा फुटांची, १९६०च्या दशकातली वेगवान बोट दादानं आणि मी विकत घेतली, तेव्हा तिचं इंजिन बंद होतं, गाद्या फाटल्या होत्या आणि मूळ रंगावर नंतरच्या मालकांनी आपापले रंग चढवले होते. तरी ती घ्यायची हे आम्ही तळ पाहून ठरवलं. आता ती टाम्पाच्या उपसागरात पुन्हा धावते आहे. मधल्या वर्षांत आम्ही घेतलेला प्रत्येक निर्णय त्या तळापाशीच येऊन थांबत होता, म्हणून मागोवाही तिथूनच घ्यायला हवा.

१९५८ साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टला ‘अमेरिकाज कप’च्या शर्यती चालू होत्या. शिडाच्या शर्यतींत मुरलेल्या डिक बर्ट्रामनं तिथे रे हंट या रचनाकाराची एक लहान मोटरबोट उसळत्या पाण्यातून सहज जाताना पाहिली. तोवर वेगवान बोटींचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट असे. सपाट तळ शांत पाण्यावर चटकन उचलला जातो, पण लाटेवर दाणकन आपटतो. हंटनं तळाचा ‘व्ही’ नाळेपासून मागच्या टोकापर्यंत खोलच ठेवला. त्याचा उतार सुमारे २४ अंशांचा होता. तळावर लांबीच्या दिशेनं अरुंद पट्ट्या होत्या. त्या पाणी बाजूला फेकतात आणि वेगात बोटीला वर उचलतात. बर्ट्रामनं या धर्तीवर ‘मॉपी’ नावाची मोठी लाकडी बोट बांधून घेतली. १९६०च्या मायामी–नॅसॉ शर्यतीत समुद्र खवळला होता. मॉपी आठ तासांत पोचली, दुसरी बोट तिच्यानंतर दोन तासांनी, आणि बाकीच्या थेट दुसऱ्या दिवशी. सपाट तळ की खोल ‘व्ही’, हा वाद एका शर्यतीनं मिटवला.

हे सगळं लहान बोटीत उतरायला आणखी दोन गोष्टी जुळाव्या लागल्या. पहिली जिम विन या अभियंत्याची. इंजिन बोटीच्या आत, अगदी मागे, आणि पंखा फिरवणारा भाग मागच्या भिंतीबाहेर अशी त्याची जोडणी व्होल्वो पेंटानं १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावानं बाजारात आणली. त्यामुळे बोटीचा मधला भाग माणसांसाठी मोकळा झाला. दुसरी गोष्ट म्हणजे डॉन अ‍ॅरोनाउ. न्यू जर्सीत बांधकामात पैसा मिळवून तो मायामीला आला आणि ईशान्य १८८व्या रस्त्यावर त्यानं एकामागून एक कंपन्या उभ्या केल्या: फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट. कंपनी उभारायची, विकायची आणि शेजारी नवी काढायची, ही त्याची पद्धत. १९८७ साली त्याच रस्त्यावर त्याची गोळ्या घालून हत्या झाली. विन आणि वॉल्ट वॉल्टर्स यांनी आखलेली सोळा फुटी डॉन्झी ही त्या रस्त्याची लहानशी, पण माझ्या मते सर्वांत निर्दोष निर्मिती आहे. लांब पुढचा डेक, मागे बेताची बसायची जागा आणि खाली तोच खोल ‘व्ही’. मोठ्या बोटीचं समुद्रातलं वागणं तिनं सोळा फुटांत आणलं.

खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न वयाचा होता. अमेरिकेत बोटींना बारा अक्षरी ओळखक्रमांक सक्तीचा झाला तो नोव्हेंबर १९७२ पासून. त्याआधीच्या बोटीचं साल कारखान्यानं हलवर, म्हणजे बोटीच्या कवचावर, घातलेला क्रमांक, मालकीचे कागद आणि बारीकसारीक जोडसामान यांवरून जुळवावं लागतं. दुसरा प्रश्न लाकडाचा होता. बोट फायबरची म्हटली तरी त्या काळच्या बोटींमध्ये मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, प्लायवूडच्या गाभ्याची असे. तळाला ताठ ठेवणाऱ्या लांब तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, त्याही लाकडाच्या. वरून फायबर चढवलेल्या. कुणी एखादी शिडी बसवायला भोक पाडतं, ते नीट बुजवत नाही, आणि पाणी आत शिरतं. प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत जावं: सुक्या जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. आमच्या बोटीची मागची भिंत जवळजवळ सगळीच भद्द वाजली. आम्ही तेवढा भाव कमी करून घेतला आणि बोट उचलली.

मग खरं काम सुरू झालं. फायबरच्या कामात हयात घालवलेला एक वृद्ध क्यूबन कारागीर आमच्या मदतीला आला. त्यानं आधी काही कापू दिलं नाही. ‘बोटीला आधी तिच्या आकारात निजवा,’ एवढंच तो म्हणाला. कारण डेक आणि तुळया निघाल्या की हल सैल पडतो. ट्रेलरच्या चार टेकूंवर तो वाकला आणि त्याच अवस्थेत नव्या तुळया चिकटल्या, तर ते वाकणं कायमचं होतं. तळाचे शेवटचे काही फूट सरळ असावे लागतात. तिथे आत खळगा राहिला तर वेगात नाळ खाली दबते. बाहेर फुगवटा आला तर बोट खालीवर उड्या मारत जाते. म्हणून आम्ही तळाच्या आकाराचे लाकडी आधार कापले, लांब सरळ पट्टी लावून तपासले, आणि मगच डेक उतरवला.

तुळया एकेक करून बदलल्या. एक पूर्ण सुकल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. तुळयांमधला फोम पाणी पिऊन जड झाला होता, तो खरवडून काढला. मागच्या भिंतीचा कोन, उंची आणि ड्राइव्हचं भोक यांचे प्लायवूडचे साचे आधीच घेऊन ठेवले होते. नव्या भिंतीचा गाभा न कुजणाऱ्या कॉम्पोझिट फळीचा केला. जुन्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरते म्हणून तीच वापरली, आणि जोडाच्या कडा बारास एक अशा लांब उतारानं घासल्या, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. जेलकोट इपॉक्सीवर भरवशानं बसत नाही, म्हणून वरून रंग दिला. रंग मात्र मूळचाच. नंतरच्या थरांखाली एका कोपऱ्यात तो सापडला होता.

इंजिन फोर्डचं २८९ घनइंचाचं व्ही-८. तेच इंजिन मोटारीतही होतं, पण मोटारीच्या दुकानातला स्टार्टर किंवा पेट्रोल पंप बोटीत लावणं म्हणजे जिवाशी खेळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती बोटीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून ठिणगी बाहेर न सोडणारे सागरी भाग, कार्बोरेटरवर ज्वालारोधक जाळी, आणि इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पंख्यानं ती जागा हवेशीर करणं, या गोष्टींत आम्ही मूळपणाचा हट्ट धरला नाही. इथॅनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला तोंड देणाऱ्या नव्या नळ्या घातल्या. खाऱ्या पाण्यानं खाल्लेले एक्झॉस्टचे भाग बदलले.

खर्च बोटीच्या बाजारभावापुढे गेला. तो जाणारच होता. जुनी बोट नफ्यासाठी घेऊ नये, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला स्वच्छ सांगतो. ती घ्यावी कारण या तळावरून ओहोटीच्या उलट्या वाऱ्यात जाताना लाट कापली जाते, आपटत नाही, आणि हंटनं काय शोधलं होतं ते शरीराला कळतं. हे ज्ञान चित्रात किंवा संग्रहालयात मिळत नाही; त्यासाठी बोट पाण्यावर चालती असावी लागते.

लाकूड गेलं, फोम गेला, रंग गेला, इंजिनाचे अर्धे भाग गेले. मूळचा राहिला तो आकार, आणि मूळ डॉन्झी म्हणजे तोच आकार असं मी आज ठामपणे म्हणतो. म्हणून आमचे आधार, भिंतीचे साचे आणि सगळी मापं आम्ही जपून ठेवली आहेत. अशीच जुनी बोट घेतलेला कुणी भेटला, की आधी ही मापं त्याच्या हवाली करतो.