स्पूलच्या पोटातला तंगूस

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंजर्ल्यात जोग नदी समुद्राला मिळते, त्या खाडीमुखाशी सुकती लागली की गरवणारे जमतात. कुणाच्या हातात लाकडाच्या तुकड्याला किंवा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा गोळा आणि एक गरी. शेजारी मुंबई-पुण्याहून आलेला हौशी गडी, त्याच्याकडे कार्बनची काठी, चकचकीत रील आणि रीलवर गुंडाळलेला रंगीत ब्रेड, म्हणजे विणलेला दोर. दोघांचं सामान दोन वेगळ्या जगांतलं वाटतं. पण दुसऱ्याचं रील नीट भरलेलं असेल, तर त्या महागड्या ब्रेडच्या खाली, स्पूलच्या तळाशी, पहिल्याच्या बाटलीवरचाच साधा नायलॉनचा तंगूस असतो. त्याला बॅकिंग म्हणतात. सगळं ठीक चाललं तर तो वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेस पडत नाही, आणि नसला तर पहिल्याच मोठ्या माशाला त्याची उणीव कळते.

आज सर्रास दिसणाऱ्या स्पिनिंग रीलचा उगम कापडगिरणीत आहे. इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाने १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. गिरणीत बाबीण जागेवर उभी असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं, तेच त्याने दोरीसाठी वापरलं. त्याआधीच्या बहुतेक रीलमध्ये फेकताना अख्खं चाक फिरायचं; हलकं आमिष त्या चाकाला ओढू शकत नसे. इलिंगवर्थच्या रीलमध्ये फेकताना स्पूल हलत नाही, दोरी तिच्या ओठावरून वेटोळी सोडत निघून जाते. रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरं मुंबईच्या गिरणगावातल्या पगारावर उभी राहिली! त्या घरांतल्या ज्यांनी वाइंडिंग खात्यात काम केलं, त्यांना हे तत्त्व समजावून सांगायला चित्र काढावं लागणार नाही. बाबीण सैल भरली किंवा अर्धवट भरली तर सूत कसं अडतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं असणार.

मग नायलॉन आला. ड्यू पाँ कंपनीने १९३८ मध्ये तो जाहीर केला आणि पुढच्या काही दशकांत रेशीम, लिनन, सूत हे सगळे दोर मागे पडले. नायलॉनचा एकेरी दोर जाड असतो, म्हणून त्यासाठीच्या स्पूल खोल असायच्या. समुद्रासाठीच्या रीलला ०.४० मिमी जाडीचा दोर तीनशे मीटर मावला पाहिजे, असा हिशेब धरून खोली ठरायची. १९९० च्या दशकात डायनिमा आणि स्पेक्ट्रा या नावांच्या धाग्यांपासून विणलेला ब्रेड बाजारात आला. हे दोन्ही अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचे धागे. तेवढ्याच ताकदीला ब्रेडची जाडी नायलॉनच्या निम्म्याच्या आसपास भरते. नायलॉन जोर लागला की चांगला पंधरा-वीस टक्के ताणला जातो, ब्रेड जेमतेम तीन-चार टक्के; म्हणून दूरवर माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. दोर असा निम्मा झाला, पण खोल स्पूल बाजारात राहिल्या, आणि आजही परवडणाऱ्या किमतीच्या बऱ्याचशा मोठ्या रीलची स्पूल खोलच असते.

ही अडचण आकड्यांत मांडली की लख्ख दिसते. स्पूलवर ‘०.४० मिमी – ३०० मीटर’ असं छापलेलं असतं. दोरीने व्यापलेली जागा जाडीच्या वर्गावर आणि लांबीवर ठरते. ०.४० चा वर्ग ०.१६, गुणिले ३००, म्हणजे ४८. ही स्पूलची क्षमता समजू. आता जपानी मापातला ‘पीई २’ ब्रेड घेऊ, त्याची जाडी ०.२३५ मिमी. दीडशे मीटरला जागा लागते सुमारे ८.३. म्हणजे स्पूलचा सहावा हिस्सा भरला, पाच हिस्से रिकामे! अशा स्पूलवरून फेकलं की प्रत्येक वेटोळं खोल भिंत चढून ओठाला घासत बाहेर पडतं आणि आमिष हवं तिथे पोचतच नाही. गुंडाळतानाही तोटा होतो. ओठापाशी ५० मिमी आणि तळाशी ३६ मिमी व्यासाची स्पूल, रीलचा दर एकास पाच, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे पाच वेढे. भरलेल्या स्पूलवर हँडलच्या एका फेऱ्यात जवळजवळ ७८ सेंटिमीटर दोरी येते. सहावा हिस्सा भरलेल्या स्पूलवर कशीबशी ६१. पळत्या आमिषामागे लागणाऱ्या माशासाठी हा फरक लहान नाही.

तेव्हा उरलेल्या ३९.७ जागेत ०.३५ मिमीचा तंगूस भरायचा. ३९.७ भागिले ०.१२२५, म्हणजे साधारण सव्वातीनशे मीटर. ब्रेड तीनशे मीटर घ्यायचा असेल तर तंगूस अडीचशेच्या थोडा वर. ब्रेडच्या पुड्यावर छापलेली जाडी नेहमी खरी नसते आणि विणलेला दोर स्पूलवर चपटा बसतो, म्हणून हा हिशेब अंदाजापुरता. शेवटी डोळ्यांनी पाहायचं: ओठाच्या खाली दोनेक मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. ओठापर्यंत ठासून भरलं तर फेकताना वेटोळी एकदम गळून पडतात, आणि ब्रेडचा तसा गुंता सोडवता सोडवता भरती निघून जाते.

पण जागा भरणं हे बॅकिंगचं दुय्यम काम आहे, असं माझं मत. मुख्य काम पकड देण्याचं. ब्रेडचं पॉलिएथिलीन विलक्षण निसरडं असतं. गुळगुळीत धातूच्या स्पूलवर ब्रेड थेट बांधला, तर वरून कितीही घट्ट वाटला तरी जोर आल्यावर अख्खा गठ्ठा स्पूलभोवती गोल घसरू लागतो. हँडल फिरतं, स्पूल जागेवर, दोरी मात्र सुटतच असते. गरवणाऱ्याला वाटतं ड्रॅग, म्हणजे स्पूलचा ब्रेक, सैल झाला. तो ड्रॅग आवळतो, तरी काही फरक पडत नाही, मग रील दुरुस्तीला जातं. रीलमध्ये दोष काहीच नसतो. ओळखायची खूण सोपी आहे: ड्रॅग पूर्ण आवळून दोरी हाताने ओढायची आणि स्पूलच्या कडेकडे पाहायचं. कड स्थिर आणि दोरी फिरते आहे, तर खाली तंगूस नाही. नायलॉन थोडा ताणून गुंडाळला की तो स्पूलला आवळून बसतो आणि त्याच्यावर ब्रेडला टेकायला जागा मिळते. काही जण चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन भागवतात. घसरणं त्याने थांबतं, खोली मात्र तेवढीच राहते.

ही युक्ती ब्रेडपेक्षा बरीच जुनी. माशीसारखं आमिष फेकणाऱ्यांची जाड दोरी पंचवीस-तीस मीटरचीच असते. तिच्यामागे ते बारीक दोर जोडत आले आहेत, आणि मोठा मासा लांब पळाला तर हा बारीक दोर कामी येतो.

आंजर्ल्यात किती ब्रेड घ्यावा? खाडीत, पुलाच्या बाजूला, जिताडा किंवा तांबोशी लागली तर ती लांब पळत नाही. खांबाकडे, खडकाकडे वळते आणि तिला तिथेच रोखावं लागतं. इथे दीडशे मीटर पुष्कळ. खडपावरून उघड्या समुद्रात टाकणाऱ्याने तीनशे घ्यावा, कारण मोठी सुरमई लागली तर ती बॅकिंगपर्यंत दोरी नेऊ शकते. त्याचा तंगूसही कमकुवत नको आणि दोन दोरांची गाठ बारीक हवी. दोन्हीकडून युनी गाठ मारून ओढून बसवली की ती काठीच्या रिंगांमधून न अडकता जाते.

तंगूस नेमका किती, हे मोजण्याचा एक जुना खात्रीचा मार्ग आहे. आधी ब्रेड रिकाम्या स्पूलवर भरायचा, त्याला तंगूस जोडायचा आणि ओठाखालपर्यंत आणून कापायचा. आता दोर पुरा आहे, फक्त उलटा आहे. नारळी-पोफळीच्या वाडीत किंवा मोकळ्या मैदानात तो सगळा लांब सोडायचा, चालत दुसऱ्या टोकाला जायचं आणि ब्रेडच्या टोकापासून चालू न करता तंगुसाच्या टोकापासून गुंडाळायचं. पुळणीवर हे करू नये. वाळूचे कण ब्रेडच्या विणीत शिरून त्याला आतून कापतात. गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून, चिमटीत दाबून घ्यावी. सैल भरलेला ब्रेड जोर आला की खालच्या थरांत रुततो आणि पुढच्या फेकीला तिथेच तुटतो.

उथळ स्पूलची रील आता मिळतात. जपानी कंपन्या एकाच रीलच्या उथळ आणि खोल आवृत्त्या काढतात. फक्त खाडीत गरवणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. ज्याला खाडी आणि खडप दोन्ही करायचं आहे, त्याच्यासाठी खोल स्पूल आणि स्वस्त तंगूस हीच जोडी मला अधिक शहाणपणाची वाटते. ब्रेडचं वरचं टोक झिजलं की तो काढून उलटा भरता येतो. आतला कोरा भाग वर येतो, आणि ऊन न लागलेला तंगूस खाली तसाच टिकतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत हे काम उरकावं, ब्रेडखाली झिरपलेलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढावं.

या सगळ्यात दोराचे तुकडे उरतात: तंगुसाची कापलेली शेपटं, झिजलेला ब्रेड, गुंता झालेली वेटोळी. आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. जवळच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरट्यांच्या राखणीचं काम सुरू केलं आणि ते गावोगाव पसरलं. नायलॉन असो की ब्रेड, दोन्ही दोर वर्षानुवर्षं कुजत नाहीत, आणि वाळूतून समुद्राकडे निघालेल्या पिल्लाच्या वल्ह्यासारख्या पायांना एक वेटोळं पुरेसं असतं. गरवायला येणाऱ्यांना एवढीच विनंती: खिशात एक रिकामा डबा ठेवा, दोराचा वीतभर तुकडाही पुळणीवर टाकू नका, आणि दुसऱ्याने टाकलेला दिसला तर तोही उचलून घरी न्या.