भंगारातला ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरताना

भंगारवाल्याच्या काट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हन चढतो तेव्हा त्याचा भाव पत्र्याच्या किलोवर ठरतो. पण त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू पत्र्याच्या आत, तळाशी बोल्टने आवळलेली असते. ती म्हणजे काही किलो वजनाचा ट्रान्सफॉर्मर. मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन गेला, बोर्ड जळला, दाराचा स्विच बिघडला, की ओव्हन टाकून देतात. ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा ठणठणीत असतो. मी कोल्हापुरात इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना वाइंडिंग शिकवते. हा ट्रान्सफॉर्मर उकलून नव्याने भरणं हा मला त्यातला सर्वांत चांगला धडा वाटतो, कारण त्यात प्रत्येक वेढ्याचा हिशोब उघड दिसतो.

ओव्हनमध्ये त्याचं काम असं : घरातले 230 व्होल्ट घ्यायचे आणि सुमारे 2,000 व्होल्ट करून द्यायचे. पुढे कपॅसिटर आणि डायोड तो दाब जवळपास दुप्पट करतात आणि त्यावर मॅग्नेट्रॉन चालतो. लोखंडी पट्ट्यांच्या, म्हणजे स्टॅम्पिंगच्या गठ्ठ्यावर तीन गुंडाळ्या असतात. जाड तारेची प्रायमरी, केसासारख्या बारीक तारेची सेकंडरी आणि मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट तापवणारी तीनेक वेढ्यांची छोटी गुंडाळी. ही छोटी गुंडाळी तीन व्होल्टच्या थोडं वर देते. म्हणजे या लोखंडावर एका वेढ्याला साधारण एक व्होल्ट मिळतो, हे नुसतं बघूनच कळतं. मायकेल फॅरडेने 29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर दोन गुंडाळ्या करून जे पाहिलं, तेच इथे हातात येतं.

हत्यार उचलण्याआधी मी मुलांकडून एक नियम पाठ करून घेते : मूळ सेकंडरी जागेवर असताना या ट्रान्सफॉर्मरला कधीही करंट द्यायचा नाही. दोन हजार व्होल्ट आणि त्यामागे अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह म्हणजे मृत्यूच. माणसाचं हृदय बंद पडायला त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. गळती झाली की वीज तोडणारा घरातला आरसीसीबी इथे वाचवत नाही. सेकंडरीतून अंगात शिरलेला करंट सेकंडरीकडेच परततो, त्यामुळे प्रायमरीच्या बाजूला आरसीसीबीला काही फरक जाणवत नाही. लाकडावर विजेच्या फांद्या जाळून नक्षी काढण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यातले बरेच याच ट्रान्सफॉर्मरवर केलेले असतात. त्या छंदात अनेकांचे जीव गेले आहेत आणि ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली आहे. माझ्या वर्गात तो विषय निघाला की मी सरळ नाही म्हणते. ओव्हन उघडणंही जाणत्या माणसासमोरच. प्लग काढून काही मिनिटं थांबायचं आणि कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करायची. त्याच्या पोटातला रेझिस्टर तुटलेला असेल तर चार्ज तसाच राहतो. मॅग्नेट्रॉनची सिरॅमिक फोडायची नाही, काहींत विषारी बेरिलियम ऑक्साइड असू शकतं.

मग सेकंडरी काढायची. बाहेर आलेला भाग हॅक्सॉने कापायचा आणि उरलेला लाकडी ठोकळ्याने ठोकून बाहेर ढकलायचा. प्रायमरीवर पुठ्ठा बांधून ठेवायचा, कारण तिच्या इनॅमलला एक ओरखडा गेला तरी सगळी मेहनत वाया जाते. मोकळ्या खिडकीत, म्हणजे लोखंडातल्या गुंडाळीच्या जागेत, इन्सुलेशनचा लेदराइड पेपर घालून प्रायमरी आणि लोखंड यांच्यात इन्सुलेशन मोजणारा मेगर लावायचा. आकडा चांगला आला तरच पुढे.

आता हव्या त्या व्होल्टेजसाठी वेढे मोजायचे. बारा व्होल्ट हवेत तर बाराच्या आसपास वेढे. वेल्डिंग केबलचे दोनच वेढे घेतले तर मिळतात फक्त दोन व्होल्ट, पण हिशोब बघा. प्रायमरीचे 230 वेढे धरले तर प्रमाण 115 पट होतं. प्रायमरीत 8 अँपिअर असतील तर सेकंडरीत कागदावर 920 अँपिअर येतात. दोन तांब्याच्या टोकांमध्ये पातळ पत्र्याचे दोन तुकडे दाबले की क्षणात ते एकजीव होतात. हाच घरगुती स्पॉट वेल्डर. दोन व्होल्टचा झटका बसत नाही, पण तापलेलं टोक आणि ठिणग्या भाजतात, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. प्रायमरीला मात्र 230 व्होल्ट तसेच राहतात, म्हणून लोखंडाला अर्थिंग आणि लाइनमध्ये फ्यूज.

दोन गुंडाळ्यांच्या मध्ये स्टॅम्पिंगचे दोन छोटे गठ्ठे खोचलेले सापडतात. ते मॅग्नेटिक शंट. थोडं चुंबकत्व ते आडवाटेने नेतात आणि त्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. वेल्डरला भरपूर प्रवाह हवा, तिथे ते काढावेत. बॅटरी चार्जरसारख्या कामात ते ठेवले तर आयता लगाम मिळतो, मात्र भाराखाली व्होल्टेज खाली येतं.

सगळं जोडून सिरीज बोर्डवर, म्हणजे लाइनमध्ये बल्ब सिरीजला ठेवून, तपासलं आणि मग थेट लाइनवर घेतलं, की मुलं हमखास विचारतात, “मॅडम, सेकंडरीला काहीच जोडलेलं नाही, तरी हा गुरगुरतो नि तापतो का?” मला हाच प्रश्न हवा असतो. ओव्हन काही मिनिटंच चालतो आणि आत पंखा फिरत असतो. म्हणून बनवणाऱ्याने लोखंड आणि वेढे दोन्ही बेतानेच घातलेले असतात. वेढे कमी म्हणजे प्रत्येक वेढ्यावर व्होल्ट जास्त, आणि लोखंडाला त्याच्या ताकदीच्या काठापर्यंत चुंबकत्व वाहावं लागतं. ते पेलवेनासं झालं की प्रायमरी नुसतीच करंट ओढते. क्षणभर चालणाऱ्या वेल्डरला ते चालतं. तासन्‌तास चालणाऱ्या सप्लायला नाही.

उपाय खिडकीतल्या मोकळ्या जागेत आहे. प्रायमरीच्याच गेजच्या तारेचे आणखी वेढे, दहा ते वीस टक्के, त्याच दिशेने भरून सिरीजमध्ये जोडायचे. आधी आणि नंतर क्लॅम्प मीटरने रिकामा करंट बघायचा. वेढे थोडे वाढले तरी करंट पुष्कळ उतरतो आणि गुरगुरही मंदावते. दिशा उलटी झाली तर सिरीजमधला बल्ब जास्त उजळून ते लगेच सांगतो. वेढे वाढल्यावर वेढ्यामागचे व्होल्ट कमी होतात, म्हणून सेकंडरीचा हिशोब पुन्हा मांडायचा.

ही खटपट मी करून घेते ती वेल्डरसाठी नव्हे. आमच्याकडची मुलं पुढे मोटर भरण्याच्या दुकानांत जातात. तिथे जळलेल्या पंपात वेढे कमी घालून तार वाचवण्याचा मोह असतो. पंप फिरतो, गिऱ्हाईक घेऊन जातं आणि एका हंगामात तो पुन्हा जळतो. वाचवलेल्या वेढ्यांचं काय होतं, हे क्लॅम्प मीटरवर स्वतः वाचलेलं मूल ती काटकसर शेतकऱ्याच्या पंपात करणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणून शाळा-कॉलेजांच्या वर्कशॉपना माझं सांगणं आहे : ओव्हन भंगारात काढण्याआधी त्यातला ट्रान्सफॉर्मर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, मुलांना द्या.