उत्स्फूर्त विनोदाची परंपरा – लेखांक ६ : संकासुराचे नियम

मागील लेखांकात तमाशातील बतावणीचा, म्हणजे वगापूर्वी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांच्यात आयत्या वेळी रंगणाऱ्या विनोदी संवादाचा, विचार झाला. बतावणीतील पात्रे कितीही अतिरंजित असली तरी ती माणसे असतात. त्यांचे वय, धंदा आणि नाते कळले की पुढचे वागणे प्रेक्षक स्वतःच ताडतो. राक्षस, पशू किंवा भूत यांची भूमिका लिखित संहितेविना करायची झाल्यास मात्र हा आधार उरत नाही आणि त्या पात्राचे जग नटाला बोलता बोलताच उभे करावे लागते. ही अडचण कशी सोडवावी, याचे परिपक्व उत्तर दशावतारातील संकासुर देतो.

दशावतार हा दक्षिण कोकण आणि गोवा येथील, प्रामुख्याने जत्रांत रात्रभर चालणारा नाट्यप्रकार असून त्यात पाठ केलेले संवाद नसतात. प्रयोगापूर्वी कथानक आणि भूमिका ठरतात, बोलणे मात्र नट रंगमंचावर रचतो. लालबाग-परळच्या गिरण्यांत कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची संख्या मोठी असल्याने हा खेळही मुंबईत आला. 1922 मध्ये उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह आणि गिरगावातील साहित्य संघ मंदिर येथे दशावतार आणि रत्नागिरीकडील नमन-खेळे यांच्या प्रयोगांना हक्काचा प्रेक्षक मिळत गेला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाचा कणा मोडला, तरी गावकऱ्यांच्या मंडळांनी हे प्रयोग थांबू दिले नाहीत.

दशावताराच्या पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्याबरोबर वेद चोरणारा संकासुर येतो आणि अखेरीस विष्णूच्या हातून मारला जातो. काळा वेश, चेहरा झाकणारा काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ, असे त्याचे रूप लहान मुलांना भेडसावते. तरीही पूर्वरंगातला सर्वाधिक हशा त्याच्याच वाट्याला येतो, कारण देव प्रमाण भाषेत बोलत असताना हा असुर मालवणीत, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या घरच्या बोलीत, बोलतो.

या पात्राची घडण तपासली असता तीन नियम दिसतात. पहिला नियम देहाचा: मुखवट्यामुळे चेहऱ्यावरचे भाव दिसत नसल्याने मान, खांदे आणि पाऊल यांतूनच राग, भीती व लबाडी दाखवावी लागते, आणि एकदा धरलेली चाल शेवटपर्यंत सोडता येत नाही. दुसरा नियम इच्छेचा: असुराची शक्ती अमानवी असली तरी त्याची भूक, हाव किंवा फुशारकी माणसाला ओळखू येईल अशीच असावी लागते. तिसरा नियम अज्ञानाचा: माणसांचे रीतिरिवाज त्याला ठाऊक नसतात किंवा तो ते चुकीचे समजतो, आणि त्यामुळे जे गावातल्या माणसाला उघडपणे बोलता येत नाही ते तो बिनदिक्कत बोलून जातो.

हे नियम एकत्र कसे चालतात, हे एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट होईल. परळच्या प्रयोगात भटजीने वेद कशासाठी नेलेस असे विचारले आणि संकासुराने “पागडी भरूची आसा, म्हणान गहाण ठेवूक नेलंय” असे उत्तर दिले, तर चाळीतील जागेच्या अडचणीत पुराणकथा क्षणात येऊन बसते. आता भटजीने राक्षसाला पागडी कशाला लागते असे म्हटले तर प्रसंग तिथेच संपतो, “मग पावती घेतलीस का?” असे विचारले तर तो वाढतो. म्हणजेच अमानवी पात्राची सत्यता जोडीदाराच्या स्वीकारावर उभी असते, आणि म्हणून भटजीची भूमिका दिसते तितकी दुय्यम नसते.

हीच जाण युरोपातही आढळते. सोळाव्या शतकात इटलीत बहरलेल्या कॉमेदिया देल आर्ते या प्रकारात केवळ कथानकाचा आराखडा हाताशी घेऊन मुखवटाधारी नट संवाद रचत असत, आणि त्यातील आर्लेकिनो या विदूषकाच्या मुळाशी मध्ययुगीन सैतानी पात्र असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. उत्स्फूर्त अभिनयाचे शिक्षक कीथ जॉनस्टन यांनीही 1979 च्या ‘इम्प्रो’ या ग्रंथात मुखवट्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखले आहे.

मुंबईत अलीकडे ‘ट्रिकसीन’ असलेल्या दशावतारी नाटकांच्या जाहिराती दिसतात. प्रकाशयोजना आणि यांत्रिक क्लृप्त्यांमुळे प्रेक्षक थक्क होतो हे खरे असले, तरी क्लृप्तीला भटजीच्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते नटालाच द्यावे लागते. त्यामुळे एकांकिकेत झाड, बालनाट्यात चेटकीण किंवा उत्स्फूर्त विनोदाच्या मंचावर पंखा होऊ पाहणाऱ्या तरुण नटाने वेशभूषेआधी त्या पात्राची चाल, इच्छा आणि अज्ञान ठरवावे आणि मगच तोंड उघडावे. पुढील लेखांकात दशावतारातील स्त्रीपार्टाचा, म्हणजे पुरुष नटांनी केलेल्या स्त्रीभूमिकांचा, विचार केला जाईल.