अ‍ॅट्रोपीनचा डोस किती?

परभणी जिल्ह्यात कापूस-सोयाबीनवर फवारणी जोरात असते तेव्हा कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण घामाने निथळत, तोंडातून लाळ गळत, छाती घरघरत दवाखान्यात येतो. जिंतूरकडच्या खडकाळ रानात लाल विंचू चावलेला रुग्णही असाच घामाघूम आणि लाळ सुटलेला असतो. त्रास वाढला की त्याच्याही छातीत पाणी होते. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या मनात इथे एक समज घट्ट बसलेला असतो. अ‍ॅट्रोपीन स्राव सुकवते, तेव्हा स्राव दिसला की अ‍ॅट्रोपीन. प्रत्यक्षात पहिल्याचा जीव वाचवणारे हे इंजेक्शन दुसऱ्याच्या हृदयावर घाला घालू शकते. औषधाला लक्षण कळत नाही, ते पेशीवरच्या ठराविक रिसेप्टरवर बसते. औषधशास्त्रात पाठांतराचा डोंगर वाटणारा बराच भाग एवढ्यातून उलगडतो.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलीन मोडणारे एन्झाइम बंद पाडतात. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते आणि श्वासनलिका स्रावाने भरतात. अ‍ॅट्रोपीन मस्कॅरिनिक रिसेप्टरवर त्याच्याशी जागेसाठी झुंजते. झुंज म्हटली की समोरचा किती बळकट, यावर सगळे ठरते. त्यामुळे या विषबाधेत अ‍ॅट्रोपीनचा ठरलेला कमाल डोस नसतो. भुलीआधी 0.6 मिलिग्रॅमचे एक अ‍ॅम्प्यूल पुरते, हे शिकलेल्या विद्यार्थिनीला इथले आकडे भयंकर वाटतात. जगभर रूढ झालेल्या पद्धतीत सुरुवात तीन अ‍ॅम्प्यूलनी केली आणि उतार पडला नाही, तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट होतो: 3, 6, 12, 24. पंधराव्या मिनिटाला 45 अ‍ॅम्प्यूल, म्हणजे 27 मिलिग्रॅम औषध गेलेले असते. नाडी आधीच जलद आहे म्हणून हात आखडणे आणि बाहुली मोठी झाली की ‘पुरे झाले’ मानणे, या दोन्ही चुका जिवावर बेततात. छाती मोकळी झाली का, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाब 80 च्या वर आणि काख कोरडी आहे का, हे पाहायचे. त्यातही सर्वांत मोलाची मोकळी छाती.

यावर रास्त आक्षेप येतो: डोस डॉक्टर ठरवतात, योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच नियम पाळले की परिचारिकेचे काम झाले. नियम हवेतच, पण ‘योग्य मात्रा’ इथे केस पेपरवर आकड्यात लिहून ठेवता येत नाही. ती दर पाच मिनिटांनी रुग्णाच्या छातीत ऐकावी लागते आणि त्या वेळी खाटेशी बहुधा सिस्टरच उभ्या असतात. अतिरेकाची भीतीही खोटी नाही. रुग्ण बरळू लागला, ताप चढला, पोटातले आवाज थांबले, तर औषध जास्त झाले आहे, हे डॉक्टरांना लगेच कळवायचे. आणि अ‍ॅट्रोपीनने छाती कोरडी झाली म्हणजे धोका टळला, असेही नाही. स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक, तिथे त्याचा काही उपयोग नाही. मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायूही दमत आहेत, आणि व्हेंटिलेटरची तयारी हवी.

विंचवाच्या विषाने मात्र शरीरात अ‍ॅड्रेनलिन-नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. त्यात अ‍ॅट्रोपीन दिले की हृदयाला आवरणारा उरलासुरला लगामही सुटतो. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगडमधल्या बिरवाडी-महाड भागात असे रुग्ण वर्षानुवर्षे खाटेशी बसून पाहिले आणि अल्फा रिसेप्टर अडवणारे प्राझोसिन वापरले. 1986 मध्ये ‘द लॅन्सेट’ने त्यांचे हे काम छापले. रक्तदाबाची ही स्वस्त गोळी ग्रामीण महाराष्ट्रात विंचूदंशावरचा उपचार ठरली. ‘गोळीच तर आहे’ म्हणून तिला हलके समजू नये. पहिल्या डोसनंतर रुग्ण उठून उभा राहिला तर रक्तदाब एकदम कोसळतो. लघवीला जायचे म्हटले तरी भांडे खाटेवरच द्यावे, आणि लहान मुलाला आईने कडेवर उचलू नये, हे तिला आधीच सांगून ठेवावे.