भामरागडचा रस्ता : धोका कुठे आणि केव्हा

गडचिरोली हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेकडचा जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्र, २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम पावणेअकरा लाख वस्ती आणि सुमारे ७० टक्के भूभागावर जंगल. पूर्वेला छत्तीसगडमधले बस्तर आणि अबूझमाड, दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीपलीकडे तेलंगण. गेली चार दशके उर्वरित महाराष्ट्राला हा जिल्हा मुख्यतः चकमकींच्या बातम्यांतून माहीत आहे. त्यामुळे नागपूरहून आल्लापल्लीमार्गे भामरागडला मित्रांसोबत गाडीने जाण्याचा बेत ठरला, की घरातून विरोध होतो. ती भीती निराधार नाही. मात्र इथला धोका जिल्हाभर सारखा पसरलेला नाही. त्याची ठिकाणे, ऋतू आणि दिवसाच्या वेळा वेगवेगळ्या आहेत, आणि त्या कळल्या तर निघायचे की थांबायचे हे नीट ठरवता येते.

१९८० मध्ये आंध्र प्रदेशातून पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, नदी ओलांडून सिरोंचा भागात आली. तेंदूपत्त्याची तुटपुंजी मजुरी, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांची दांडगाई आणि सरकारी सोयींचा अभाव यांमुळे त्यांना सुरुवातीला गावांत आधार मिळाला. पुढे बंदुकीचा धाक गावकऱ्यांवरच आला. पोलिसांचे खबरे ठरवून अनेक आदिवासींना ठार मारण्यात आले. नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी १९९० मध्ये सी-६० हे पथक उभे राहिले आणि त्यात प्रामुख्याने इथलेच तरुण भरती झाले. २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी येथे तीन मोठे हल्ले झाले. एकट्या लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा खासगी चालक यांचा बळी गेला.

या हल्ल्यांचा रोख पोलीस, रस्त्यांची कामे करणारे कंत्राटदार, त्यांची यंत्रे आणि संशयित गावकरी यांच्यावर असे. पर्यटकांच्या गाड्या सहसा लक्ष्य नसत. पण पुलाखाली पेरलेला भूसुरुंग किंवा बंदच्या दिवशी रस्त्यावर आडवी पाडलेली झाडे सगळ्यांनाच अडचणीत आणत. २८ जुलै ते ३ ऑगस्टचा नक्षलवाद्यांचा शहीद सप्ताह आणि त्यांच्या सशस्त्र दलाच्या नावाने पाळला जाणारा २ ते ८ डिसेंबरचा पीएलजीए सप्ताह हे दिवस म्हणूनच तणावाचे मानले जातात. बाहेरच्यांनी ते टाळावेत, हा सल्ला स्थानिक लोक आवर्जून देत आले आहेत.

अलीकडच्या काळात चित्र बरेच पालटले आहे. २०१८ मध्ये कसनासूर परिसरात ४० आणि २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात २० हून अधिक नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांच्या केंद्रीय समितीचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा ते वांगेतुरी या मार्गावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. अर्थात जुने पेरलेले स्फोटक जंगलात आजही सापडू शकते. म्हणून मुख्य रस्ता सोडून अनोळखी पायवाटेने आत शिरू नये, हा नियम कायम आहे.

नागपूरहून प्रत्यक्ष मार्ग उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा गडचिरोलीपर्यंत जातो. तिथून चामोर्शी आणि आष्टी करत आल्लापल्ली सुमारे ११० किलोमीटर. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील प्राचीन दगडी मंदिरसमूह आहे. आल्लापल्ली सागवानासाठी नावाजलेली. तिथला ‘ग्लोरी ऑफ आल्लापल्ली’ हा जपलेला वनखंड जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित आहे. पुढे पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि भामरागड हा सुमारे ६५ किलोमीटरचा टप्पा दाट जंगलातला आहे. हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना तिथल्या कामासाठी २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या वाटेवर प्रवाशाला सर्वांत जास्त सावध राहावे लागते ते पाण्यापासून. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे तुंबते. ते पुलावर चढले, बाजारपेठेत शिरले, भामरागडचा संपर्क तुटला, अशा बातम्या जवळपास दरवर्षी येतात. नाल्यांवरचे ठेंगणे रपटे त्याहून फसवे. वर गुडघाभर गढूळ पाणी असले तरी खालची कड दिसत नाही, मधला भराव वाहून गेला आहे का हेही कळत नाही, आणि वाहत्या पाण्याला गाडी ढकलायला तेवढी खोलीही पुरते. पाणी ओसरेपर्यंत अलीकडच्या गावात थांबणे हाच उपाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यामुळे उत्तम, त्यातही डिसेंबरचा पहिला आठवडा सोडून.

दुसरा धोका वाहतुकीचा. सुरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक एटापल्ली, आल्लापल्ली, आष्टी या रस्त्यांवर मोठ्या संख्येने धावतात. धूळ, खड्डे आणि अपघात यांबद्दल स्थानिकांची तक्रार जुनी आहे. तिसरा वन्यप्राण्यांचा : जिल्ह्यात वाघ आहेत, आणि २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळप इथेच रेंगाळला. चौथा मलेरियाचा. राज्यातील मलेरियाचे बरेच रुग्ण गडचिरोलीत आढळतात आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम प्रकार असतो. मच्छरदाणी, अंगभर कपडे आणि परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी, एवढे पाळलेच पाहिजे.

मित्रांच्या गटाने काही गोष्टी निघण्याआधीच ठरवाव्यात. सूर्यास्तापूर्वी मुक्कामाला पोचायचे. इंधनाची टाकी आल्लापल्लीत भरून घ्यायची, स्टेपनीची हवा तपासायची. आतल्या भागात मोबाइलला रेंज जाते, म्हणून मार्ग आणि पोचण्याची वेळ घरी कळवून ठेवायची. नाकाबंदीत ओळखपत्रे दाखवून सरळ उत्तरे द्यायची आणि पुढच्या रस्त्याची चौकशी वाटेतल्या पोलीस मदत केंद्रात करायची. मदत केंद्रांचे किंवा जवानांचे फोटो काढायचे नाहीत. गटातल्या एकानेही ‘इथून परत फिरू’ म्हटले तर वाद न घालता फिरायचे. पुरात किंवा अंधारात गाडी घालण्याचे निर्णय बहुधा चारचौघांसमोर माघार नको या हट्टापोटी घेतले जातात, म्हणून हा करार सर्वांत मोलाचा.

वागण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. भामरागड परिसर माडिया गोंडांचा. रस्त्यालगत उभे केलेले दगड दिसतात, ती त्यांच्या मृतांची स्मारके आहेत. त्यांवर बसू नये, ती हलवू नयेत. गोटुलमध्ये, म्हणजे गावाच्या सामूहिक घरात, न विचारता शिरू नये आणि माणसांचे फोटो परवानगीशिवाय घेऊ नयेत. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या या लोकांना अनोळखी माणसाच्या प्रश्नांची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. नक्षलवाद्यांविषयी खोदून विचारणे म्हणजे त्यांना संकटात लोटणे.

सरसकट भीतीची किंमत या जिल्ह्याने फार मोजली आहे. गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, असे सरकारी नोकरीत अजून बोलले जाते, आणि डॉक्टर-शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात त्या काही अंशी याच समजामुळे. दिवसाउजेडी, योग्य ऋतूत, विचारपूस करून गेलेले आणि परतल्यावर जसे पाहिले तसेच सांगणारे प्रवासी हा समज कमी करू शकतात. लाहेरी, बिनागुंडा यांसारख्या आतल्या गावांकडे मात्र स्थानिक पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय आणि ओळखीच्या गावकऱ्याला सोबत घेतल्याशिवाय निघू नये.