राजीनाम्याची मुदत

यंदा संक्रांतीला माझी पुतणी पुण्याहून घरी आली, तेव्हा तिचे चित्त तिळगुळात नव्हते. तीन वर्षे केलेली नोकरी सोडून दुसरीकडे रुजू होण्याची चांगली संधी तिला चालून आली होती; नवे मालक महिन्याभरात या म्हणत होते, आणि जुन्या कचेरीत मात्र, नव्वद दिवस भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, मध्येच गेलीस तर कोर्टात खेचू, असे तिला तोंडी बजावण्यात आले होते. “काका, मला अडवू शकतात का ते?” असे विचारून तिने पिशवीतून नेमणूकपत्र काढले. प्रत्येक पानाच्या तळाशी निळ्या शाईतली तिची सही होती, आणि त्यांपैकी एकही पान तिने सहीच्या दिवशी वाचलेले नव्हते.

आम्ही ते पत्र कलमवार वाचले. चौदाव्या कलमात असे होते की, उभयपक्षांपैकी कोणासही तीन महिन्यांची आगाऊ लेखी सूचना देऊन, अथवा उरलेल्या मुदतीचा मूळ पगार भरून, नोकरीचा करार संपविता येईल. त्या ‘अथवा’पाशी तिची निम्मी काळजी संपली, कारण पुष्कळ नेमणूकपत्रांत हा पर्याय केवळ मालकाच्या मर्जीवर ठेवलेला असतो, आणि मग पदरचे पैसे भरण्याची तयारी असूनही नोकरदारास संमतीची वाट पाहत बसावे लागते. रक्कम मूळ पगारावर मोजावयाची की एकूण पगारावर, हेही तेथेच पाहावे. दोहोंत पुष्कळदा दुपटीचे अंतर पडते.

कारखान्यातील कामगारास कायद्याचा आधार जुना आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील आदर्श नियमांत मासिक वेतनाच्या कामगारासाठी एका महिन्याची सूचना सांगितली होती. आणि वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर महिन्याची सूचना व प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देणे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालकावर बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या दोहोंची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून कपातीची ही तरतूद तीतही कायम आहे. परंतु व्यवस्थापक, तसेच दरमहा १८,००० रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक, ह्या संहितेच्या ‘कामगार’ ह्या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचे नव्वद दिवस येतात ते केवळ सही केलेल्या कागदातून.

आणि कागदातून जे येते, त्याची भरपाई पैशात होते. वैयक्तिक सेवेचा करार कोर्टाकडून सक्तीने पाळून घेता येत नाही, हे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे तत्त्व आहे. कोणताही न्यायाधीश माझ्या पुतणीस जुन्या खुर्चीत नेऊन बसविणार नाही. मात्र करार मोडल्याबद्दल वाजवी नुकसानभरपाई मागण्याचा मालकाचा हक्क खरा आहे. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली. त्याहून जुना निकाल १९६७ चा, आपल्या कल्याणचा: सेंच्युरी रेयॉनमधील एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, परदेशी सहकार्याने आलेले टायर कॉर्डचे तंत्र कारखान्याकडून शिकून घेतले, आणि १९६४ सालीच अधिक पगारावर तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. न्यायालयाने त्यास परत कल्याणला पाठविले नाही. कराराची मुदत सरेपर्यंत तसलेच काम इतरत्र करण्यास मनाई केली. मुदत सरल्यानंतरही प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, अशी जी अट हल्ली सर्रास घालतात, ती १८७२ च्या करार कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमापुढे टिकत नाही. म्हणून जुन्या कचेरीतून कार्यमुक्त होण्यापूर्वी नव्या जागी रुजू होऊ नये, एवढे मी तिला निक्षून सांगितले.

पगाराचा हिशेब हीही माझ्या मते दयेची बाब नव्हे. राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असे आता वेतन संहिताच सांगते. तरीही ‘फुल अँड फायनल’च्या नावाखाली माणसास महिना-दीड महिना तिष्ठत ठेवण्याचा प्रघात जागोजाग आहे. ग्रॅच्युइटीस सामान्यतः पाच वर्षांची सेवा लागते, तेव्हा तिचा तो प्रश्न नव्हता. पण प्रामाणिकपणे केलेल्या कामाचा दाखला वेठीस धरून तरुण मुलांना धाक घालणे मला अन्यायाचे वाटते, आणि हा धाक बहुधा तोंडी असतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच संध्याकाळी तिने राजीनामा लिहिला: चौदाव्या कलमाचा उल्लेख, तीस दिवस काम, साठ दिवसांचा मूळ पगार भरण्याची तयारी, आणि कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख. ईमेल धाडला, वरिष्ठांबरोबर स्वतःच्या खाजगी पत्त्यावरही. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘मिळाला’ एवढ्याच मजकुराचे उत्तर आले. ते तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणले आणि नेमणूकपत्राच्या मागे टाचणीने लावून ठेवले.