मुलाच्या रात्रींचा हिशेब

विभक्त झालेल्या पतिपत्नींत मुलाच्या खर्चावरून होणारे तंटे जुनेच आहेत. मूल आळीपाळीने दोघांकडे राहू लागले की त्यांना नवे वळण लागते. आठवड्यातील तीन रात्री मुलगा माझ्याकडे असतो, मग पोटगी पूर्ण कशासाठी, असे वडील विचारतात. प्रश्न वरकरणी वाजवी आहे. पण त्यात एक मोठी गफलत दडलेली आहे.

मूल तीन रात्री दुसरीकडे गेल्याने आईचे दूध, भाजी आणि फार तर थोडी वीज वाचते. शाळेची फी वाचत नाही, घरभाडे वाचत नाही, डॉक्टरांचे बिलही वाचत नाही. उलट झोपण्याची जागा, अभ्यासाचे टेबल, कपड्यांचा एक जोड हे सारे दोन्ही घरी लागते. स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांतील हा फरक आम्ही वर्गात पहिल्याच वर्षी शिकवितो. कोर्टाच्या आवारात मात्र तो कोणाला आठवत नाही. संगोपन वाटून घेतले म्हणजे खर्च निम्मा होत नाही, एकूण खर्च वाढतो.

ब्रिटनने हा प्रश्न रात्री मोजून सोडविला. तेथे २०१२ साली सुरू झालेल्या योजनेनुसार, आठवड्याला ५०० पौंड ढोबळ उत्पन्न असलेल्या पित्याला एका मुलासाठी १२ टक्के, म्हणजे ६० पौंड द्यावे लागतात. मूल वर्षातून ५२ ते १०३ रात्री त्याच्याकडे राहिले तर त्यातून एक सप्तमांश वजा होतो. १०४ ते १५५ रात्री राहिले तर दोन सप्तमांश. म्हणजे एकट्या १०४व्या रात्रीची किंमत वर्षाला सुमारे ४४६ पौंड! प्राप्तिकरात टप्पा ओलांडला तर वाढीव दर केवळ वरच्या रकमेवर बसतो; येथे एका रात्रीने सगळाच आकडा बदलतो. या पद्धतीत सोय आहे, हे मान्य केले पाहिजे : न्यायाधीशाची गरज न पडता कारकुनालाही हिशेब करता येतो. पण मुलाला एक रात्र अधिक मागणारा बाप मायेपोटी मागतो की पैशापोटी, आणि ती नाकारणारी आई कशासाठी नाकारते, हे मग त्या दोघांनाही सांगता येणार नाही. मुलाला मात्र ते कळते.

आपल्याकडे २०१५ साली विधी आयोगाने २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याला कायद्यात स्थान देण्याची शिफारस केली. तसे करताना रात्री मोजण्याची रीत उचलू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अधिक चांगला धागा आपल्याच निकालांत आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने अपत्याच्या पालनपोषणाची जबाबदारी आई व वडील दोघांवरही टाकली आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने, दोघेही मिळवते असलेल्या एका दांपत्याच्या प्रकरणात, मुलांचा खर्च उत्पन्नाच्या मानाने वडिलांनी दोन वाटे आणि आईने एक वाटा असा सोसावा असे ठरविले. हेच तत्त्व पुढे नेता येईल. फी, औषधोपचार, कपडे, पुस्तके यांची एक रक्कम ठरवून ती उत्पन्नाच्या प्रमाणात वाटावी, मग मूल कोठेही झोपो. रोजचे जेवणखाण ज्याचे त्याने पाहावे. दोघांच्या मिळकतीत फार अंतर असेल तर त्यासाठीही काही रक्कम द्यावी लागेल, कारण मुलाला एका घरी मेजवानी आणि दुसऱ्या घरी ओढाताण दिसू नये.

अडचण आहे ती उत्पन्न कळण्याची. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले. ते आकडे ताडून पाहण्याची यंत्रणा कौटुंबिक न्यायालयांजवळ नसेल, तर शिक्षक-कारकुनाची पोटगी पगारपत्रकावरून ठरेल आणि दुकानदाराची, त्याने कागदावर जेवढे दाखविले तेवढ्यावरून.